फायबरच्या बोटीवर टेराहर्ट्झ तपासणी: जून आणि जानेवारीतल्या दोन भेटींचा अनुभव

रत्नागिरीजवळ खाडीकाठी आमची फायबरच्या मासेमारी बोटी बांधण्याची शेड आहे आणि तिथल्या कामाची गुणवत्ता तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या जूनमध्ये एकदा आणि या जानेवारीत एकदा, अशी दोन वेळा आम्ही पुण्याहून येणारी टेराहर्ट्झ तपासणीची, म्हणजे अदृश्य लहरी सोडून न कापता थराची जाडी आणि आतल्या पोकळ्या शोधण्याची, सेवा घेतली. यंत्र, अभियंता आणि अहवाल असे तिन्ही मिळून ही सेवा दिली जाते. यंत्र विकत घ्यावे लागत नाही. किनाऱ्यावरच्या इतर शेडवाल्यांनाही हल्ली अशी दरपत्रके येऊ लागली आहेत, आणि दरपत्रकात जे लिहिलेले असते ते पुण्याच्या हवेत खरे असले तरी आमच्या हवेत किती खरे ठरते, हे कोणी तरी लिहून ठेवणे आवश्यक वाटले. माझे मत आधीच सांगतो: नव्या, कोरड्या, अजून पाणी न पाहिलेल्या बोटीचा जेलकोट (सर्वांत बाहेरचा, पाणी अडवणारा थर) तपासण्यासाठी ही सेवा पैसे वसूल करते; वापरातली जुनी बोट पावसाळ्यात वर ओढून तिच्यावर हे यंत्र फिरवणार असाल, तर पैसे जपून ठेवावेत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आमची अडचण काय असते ते थोडक्यात सांगतो. फायबरची बोट आतून बाहेर नाही, बाहेरून आत बांधली जाते. मोल्डला मेण लावून त्यावर आधी जेलकोट मारला जातो, तो चिकट असतानाच त्यावर काचतंतूंची मॅट आणि रोव्हिंग (काचतंतूंचे जाड विणीचे कापड) यांचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवले जातात, आणि शेवटी मोल्डमधून बोट बाहेर काढली की सर्वांत आधी मारलेला तो जेलकोट सर्वांत बाहेर दिसतो. पाण्याला अडवणारा थर म्हणजे हाच, आणि त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तो पातळ पडला तर काही वर्षांत खारे पाणी आत झिरपते आणि तळावर फोड येतात. फोड टोचला की आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचे पाणी बाहेर येते. तो जास्त जाड झाला तर त्याला केसासारख्या भेगा पडतात. कोपऱ्यात, विशेषतः कण्याजवळच्या वळणात, मॅट नीट बसली नाही तर जेलकोटच्या मागे हवेची पोकळी राहते आणि बोट किनाऱ्याला एकदा घासली की तिथला टवका उडतो.

हे सगळे तपासायला आमच्याकडे आजवर काय होते? जेलकोट ओला असताना त्यात रोवायचा दातेरी कंगवा, जो त्या क्षणाची ओली जाडी सांगतो. वाळल्यावर स्टायरीन (रेझिनमधला उडून जाणारा द्रव) उडून आणि थर आकसून किती उरले ते सांगत नाही. रंगकामावर सर्रास वापरले जाणारे चुंबकी जाडीमापक खाली लोखंड असेल तरच चालते, त्यामुळे फायबरवर ते शोभेची वस्तू. अल्ट्रासोनिक मापक चालते, पण प्रत्येक ठिकाणी जेल लावावी लागते आणि जेलकोट कुठे संपला व मॅट कुठे सुरू झाली हे त्यातून स्पष्ट कळत नाही. कडकपणा मोजणाऱ्या बार्कोल मापकाने रेझिन पक्के झाले की नाही ते समजते, जाडी समजत नाही. उरले मिस्त्रींचे पाच रुपयांचे नाणे. ते नाण्याने अंगावर टकटक करत जातात आणि आवाज बद्द आला की खडूने वर्तुळ काढतात. या नाण्याविषयी पुढे पुन्हा सांगायचे आहे.

टेराहर्ट्झ लहरी या सूक्ष्मलहरी आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधल्या पट्ट्यातल्या असतात, ढोबळमानाने ०.१ ते १० टेराहर्ट्झ. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने, आणि त्या लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर. प्लास्टिक, फोम, कागद, रंगाचा थर, वाळलेले रेझिन यांतून त्या आरपार जातात. धातूवरून परत फिरतात. पाण्यात मात्र जवळजवळ बुडून जातात. आमच्याकडे आलेल्या यंत्रात फेम्टोसेकंद लेसरच्या साहाय्याने एक अतिशय आखूड स्पंद तयार होतो, यंत्राच्या हातात धरायच्या हेडमधून तो पृष्ठभागावर पडतो आणि प्रत्येक थराच्या सीमेवरून त्याचा थोडा थोडा भाग परत येतो. जेलकोटच्या वरच्या बाजूने परतलेला प्रतिध्वनी आणि खालच्या बाजूने परतलेला प्रतिध्वनी यांच्यातले अंतर पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, मोजले जाते. प्रकाश एका पिकोसेकंदात हवेत ०.३ मिलिमीटर जातो. जेलकोटचा अपवर्तनांक (लहर हवेपेक्षा त्यात किती पट सावकाश चालते तो अंक) १.७ धरला, तर अर्ध्या मिलिमीटर थरातून जाऊन परत यायला साधारण ५.७ पिकोसेकंद लागतात. म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाज ऐकण्याचाच हा प्रकार, फक्त विहीर अर्ध्या मिलिमीटरची. स्पर्श नाही, जेल नाही, आणि क्ष-किरणांसारखा शरीराला धोका नाही. औद्योगिक रेडिओग्राफीला अणुऊर्जा नियामक परिषदेचा जो परवाना लागतो तसा इथे लागत नाही, कारण या लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा रेणू फोडण्याइतकी नसतेच. हा फायदा लहान नाही. रेडिओग्राफी करायची तर अख्खी शेड रिकामी करावी लागते, आणि हे यंत्र चालू असताना आमची मुले चार हातांवर मॅट कापत बसली होती.

आता जूनची भेट. १ जूनला मासेमारीबंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत बोटी वर असतात, म्हणून आम्हाला तोच काळ सोयीचा वाटला. हा पहिला निर्णय आमचाच चुकला आणि कंपनीने तो दुरुस्त केला नाही, ही माझी पहिली तक्रार. दरपत्रकात 'सर्व हवामानात उपयुक्त' असे शब्द होते. प्रत्यक्षात सकाळी शेडमध्ये आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता आणि तापमान २८ अंश होते. हिशेब केला तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात. पागोळ्यांचे पाणी शेडच्या दोन्ही अंगांनी पडत होते आणि खाडीकडून वारा आत येत होता.

पाण्याची वाफ टेराहर्ट्झ लहरी शोषते, तीही ठरावीक वारंवारतांवर: ०.५५७, ०.७५२, ०.९८८, १.०९७ टेराहर्ट्झ आणि पुढेही बऱ्याच. हेड आणि बोट यांच्यात हवेचा जो वीतभर रस्ता असतो तेवढ्यातही या शोषणाचा परिणाम दिसतो, आणि तो फक्त संकेत क्षीण होण्यापुरता राहत नाही. मुख्य स्पंदानंतर लाटांची एक लांब शेपटी येते, घंटा वाजवल्यावर तिचा नाद रेंगाळावा तशी. आम्हाला हवा असलेला प्रतिध्वनी नेमका याच शेपटीत येऊन पडतो. पडद्यावर मला तीन थर दिसत होते आणि मोल्डमध्ये मी स्वतः दोनच मारले होते. अभियंता मॅडम प्रामाणिक होत्या. त्यांनी लगेच सांगितले, की हा तिसरा थर हवेतल्या पाण्याचा आहे.

यावरचा उपाय ठरलेला आहे. हेडभोवती कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडत राहायचे, आणि त्याच हवेत धातूच्या आरशावरचे संदर्भ रीडिंग वेळोवेळी घेऊन ते मापनातून वजा करायचे. आरसा त्यांच्याकडे होता. कोरड्या हवेचा सिलिंडर नव्हता. आमच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेवर काम भागेल असे गृहीत धरून ते आले होते. जेलकोट मारायच्या त्या कॉम्प्रेसरच्या ओळीत पावसाळ्यात किती पाणी येते हे आमच्याकडचा कोणताही पोऱ्या सांगेल. दर तासाला खालचा नळ सोडून पेलाभर पाणी काढावे लागते. नळी जोडल्यावर हेडच्या काचेवर दव जमले आणि दीड तास ते पुसण्यात, वाळवण्यात गेला. इतक्या महागाच्या सेवेत सिलिंडर विसरणे ही चूक क्षम्य नाही, आणि कोकणात जूनमध्ये निघताना तर मुळीच नाही.

दुपारी जुन्या बोटीकडे वळलो. दोन दिवसांपूर्वी वर ओढलेली, तळ खरवडलेला, हाताला कोरडी लागणारी. जेलकोटची जाडी काही ठिकाणी मिळाली. त्याच्या पलीकडे काहीच नाही. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या फायबरमध्ये ओल मुरलेली असते. एक टेराहर्ट्झच्या आसपास पाण्याचा दहावा मिलिमीटर थरसुद्धा संकेताचा साधारण दहावा हिस्साच पुढे जाऊ देतो, आणि परत येताना पुन्हा तेच. फोड आलेल्या जागी जेलकोटच्या लगेच मागून ठसठशीत प्रतिध्वनी येत होता, म्हणजे तिथे द्रव साठला आहे हे यंत्राने बरोबर ओळखले. पण फोड तर आम्हाला डोळ्यांनीही दिसत होता. बोटीचे मालक तोवर शांतपणे बघत उभे होते. ते म्हणाले, "पाणी दिसलं की आंधळं होणारं यंत्र दर्याच्या कामाला आणलंत होय?" मॅडम हसल्या आणि मीही हसलो, पण अहवालात लिहायला याहून नेमके वाक्य मला सापडले नसते. जुन्या बोटीतली ओल मोजायची असेल तर साधे ओलमापक त्याहून कितीतरी स्वस्तात काम करते, आणि बोट काही आठवडे सुकवल्याशिवाय त्यापुढच्या कशालाही अर्थ नाही.

यात विज्ञानाचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण या तंत्राचा पाण्याशी असलेला संबंध लपवलेला नाही. किंबहुना त्याच्यावरच ते ओळखीला आले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले, ती या पट्ट्याच्या उंबरठ्यावरची पहिली मोठी कामगिरी. पण त्यापुढच्या लहरी तयार करणे आणि पकडणे दीर्घकाळ अवघडच राहिले. आखूड लेसर-स्पंद आणि अर्धवाहकाची जलद कळ यांची जोडी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात जमली तेव्हा वाट मोकळी झाली. त्याच प्रयोगशाळेतल्या हू आणि नुस यांनी १९९५ मध्ये टेराहर्ट्झ स्पंदांनी काढलेल्या ज्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या, त्यांत एक झाडाचे पान होते, आणि ते पान दिसले ते त्यातल्या पाण्यामुळेच. कारखानदारीत ही गोष्ट गांभीर्याने घेतली गेली ती २००३ नंतर. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या ते १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळले, आणि त्याचे मूळ बाह्य इंधनटाकीवरून सुटलेल्या फोमच्या तुकड्यात निघाले. पुढच्या उड्डाणांआधी त्या फोममधल्या पोकळ्या शोधायला नासाने ज्या पद्धती वापरल्या त्यांत टेराहर्ट्झ होती. लक्षात घेण्यासारखी बाब अशी, की तो फोम हलका होता, कोरडा होता आणि त्याच्या मागे धातूची टाकी होती. म्हणजे या तंत्राला यजमान म्हणून याहून चांगले काही मिळणार नाही. आमची जून महिन्यातली बोट या सगळ्याच्या उलट.

पहिल्या भेटीनंतर मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. पूर्ण शुल्क आकारून निम्मीच मोजमापे हाती आली होती. आठवडाभर उत्तर आले नाही. नंतर बरीच बोलणी होऊन दुसरी भेट निम्म्या दरात द्यायचे ठरले. वागणूक सौजन्याची होती, पण पाठपुरावा आपणच करावा लागतो हे नोंदवून ठेवतो.

जानेवारीत चित्र पालटले. सकाळी २२ अंश तापमान, आर्द्रता ५८ टक्के, म्हणजे हवेत घनमीटरमागे ११ ग्रॅमच्या आसपास पाणी. जूनच्या निम्म्याहून कमी. शिवाय या वेळी नायट्रोजनचे दोन सिलिंडर गाडीत होते. लेसर तापून स्थिर व्हायला अर्धा तास लागला, तेवढ्यात एकदा वीज गेली, पण त्यांच्या यूपीएसवर यंत्र चालू राहिले. समोर नुकतीच मोल्डमधून काढलेली नवी बोट होती, पाण्याचा थेंब न लागलेली.

या भेटीत एक गोष्ट अशी घडली की जी मी प्रत्येक गिऱ्हाईकाला आवर्जून सांगेन. पहिल्याच ठिकाणी यंत्राने जेलकोट ५८२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवला. कंगव्याची ओली नोंद माझ्याकडे होती, आणि ओल्यापेक्षा वाळलेला थर जाड असणे शक्यच नव्हते. सुदैवाने त्याच दिवशी, त्याच बादलीतून, त्याच हाताने मारलेली एक नमुना पट्टी मी जपून ठेवली होती. ती आडवी कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर जाडी ५२० मायक्रॉन. यंत्र वेळ बरोबर मोजत होते, ६.४ पिकोसेकंद, घोळ वेळेचे जाडीत रूपांतर करताना होत होता. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अपवर्तनांक १.६५ भरलेला होता, आणि आमचा जेलकोट पांढरा. पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे, आणि त्या भुकटीचा अपवर्तनांक टेराहर्ट्झला अतिशय मोठा असतो, त्यामुळे रंगद्रव्य जितके जास्त तितकी लहर थरात सावकाश चालते. उलटा हिशेब केल्यावर आमच्या पांढऱ्या जेलकोटचा अंक १.८५ निघाला. बोटीवरच्या निळ्या पट्ट्याच्या जेलकोटची नमुना पट्टी वेगळी कापून तपासली तर तो १.७ च्या आसपास. म्हणजे एकाच बोटीवर रंग बदलला की अंक बदलतो. नमुना पट्टी नसती तर ६२ मायक्रॉनची चूक अहवालात छापून आली असती आणि पातळ जागा सुरक्षित ठरल्या असत्या. म्हणून ही सेवा घेणाऱ्याने प्रत्येक रंगाची, प्रत्येक पुरवठादाराच्या जेलकोटची हातभर पट्टी आधी तयार करून ठेवावी. कंपनीने ती स्वतःहून मागायला हवी होती. त्यांनी मागितली नाही.

अंक दुरुस्त केल्यावर मात्र काम मनासारखे झाले. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाणरेषेच्या खाली खडूने १५० ठिकाणे आखली होती. प्रत्येक रीडिंगला दोन-तीन सेकंद. वेळ गेला तो परांची सरकवण्यात. हेडला तीन पाय आहेत आणि ते पृष्ठभागावर काटकोनात टेकवावे लागते. बोटीचे अंग कुठेच सपाट नसल्याने सुरुवातीला संकेत सारखा हरवत होता. "काका, हेड तिरपं झालं की लाट दुसरीकडेच निघून जाते," असे मॅडमनी मिस्त्रींना समजावले. "म्हणजे आरशाचा कवडसा पाडताना होतं तसं," असे म्हणून त्यांनी हेड हातात घेतले आणि पुढची शंभर ठिकाणे त्यांनीच मोजली. बोटीचे प्रत्येक वळण त्यांनी आयुष्यभर हाताने घासलेले आहे. काटकोन कुठे येतो हे त्यांच्या तळव्याला माहीत होते. दुपारच्या जेवणाआधी सगळी ठिकाणे संपली.

निकाल असा. बहुतेक ठिकाणी जाडी ४५० ते ५५० मायक्रॉन. कण्याकडे वळणाऱ्या भागात डाव्या बाजूला सलग सहा ठिकाणी ती ४०० च्या खाली, त्यांपैकी एका ठिकाणी ३१०. त्या कोपऱ्यात फवाऱ्याचा हात नीट पोहोचत नाही हा संशय मला जुना होता, पण संशयाला आकडा नव्हता. आता आहे, आणि त्यानंतर आम्ही तो कोपरा फवाऱ्याऐवजी ब्रशने आधी भरून घेतो. याशिवाय जेलकोटच्या मागे पाच पोकळ्या सापडल्या. पोकळी ओळखण्याची रीत पाहण्यासारखी होती: लहर दाट पदार्थातून हवेत शिरताना जो प्रतिध्वनी परत येतो तो पृष्ठभागाच्या प्रतिध्वनीच्या उलटा असतो, म्हणजे पडद्यावर वरचे शिखर वर आणि पोकळीचे खाली. एकदा दाखवल्यावर आमच्या मुलांनाही ते कळू लागले.

आता नाण्याविषयी. यंत्र यायच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रींना त्याच बोटीवर नाणे फिरवायला सांगून त्यांच्या खुणांचा फोटो काढून ठेवला होता आणि खुणा पुसून टाकल्या होत्या. यंत्राने दाखवलेल्या पाचपैकी तीन पोकळ्या त्यांनी आधीच धरल्या होत्या. राहिलेल्या दोन करंगळीच्या नखाएवढ्या होत्या. उलट, त्यांनी दाखवलेली एक जागा यंत्राला दिसली नाही. ती आतल्या आडव्या पट्टीच्या जोडावर, सात-आठ मिलिमीटर खोल होती. आतल्या बाजूने घासून पाहिल्यावर जोड खरोखरच सुटलेला निघाला. रोव्हिंगच्या जाड विणीवर या लहरी विखुरतात आणि काचतंतू त्या शोषतातही, त्यामुळे आमच्या लॅमिनेटमध्ये (मॅट-रोव्हिंगच्या एकत्र थरांत) चार-पाच मिलिमीटरच्या पुढे विश्वासाने काही वाचता आले नाही. दरपत्रकात 'संपूर्ण जाडीची तपासणी' असे लिहिलेले होते, ते आमच्या बोटीपुरते तरी खोटे आहे. खोलवर जायचे असेल तर ०.१ ते ०.३ टेराहर्ट्झच्या दरम्यान चालणारी, लेसर नसलेली, रडारच्या पद्धतीची यंत्रे मिळतात. ती आत जास्त शिरतात आणि ओलसर हवेला कमी घाबरतात, पण बारकावा घालवतात. ९० गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणाऱ्या यंत्राला हवेत १.७ मिलिमीटरहून जवळचे दोन थर सहज वेगळे सांगता येत नाहीत, मग आमच्या अर्ध्या मिलिमीटरच्या जेलकोटची गोष्टच नको. कार्बन फायबर वापरणाऱ्यांनी तर दोन्हींचा नाद सोडावा. कार्बन विद्युतवाहक असल्याने लहर वरच्या वर परत फिरते.

अहवालाबद्दल दोन शब्द. जूनचा अहवाल म्हणजे बोटीच्या चित्रावर हिरवे-लाल डाग होते. हिरवे म्हणजे चांगले, लाल म्हणजे वाईट, आणि कोणत्या आकड्याला लाल म्हटले ते कुठेही नाही. असा अहवाल भिंतीवर लावायला ठीक. जानेवारीत मी आधीच लेखी कळवले होते की प्रत्येक ठिकाणाची मूळ लहर, वापरलेला अपवर्तनांक, संदर्भ रीडिंगची वेळ आणि त्या वेळची आर्द्रता हे सगळे हवे. ते सगळे पेन ड्राइव्हवर मिळाले, तीन दिवसांत मिळाले, आणि नीट मांडलेले होते. मागितले तर देतात. न मागितले तर रंगीत चित्र देतात.

यंत्र शेडमध्ये असल्याचे कळल्यावर शेजारचे एक आंबा बागायतदार मुद्दाम येऊन विचारून गेले, की हापूसमधला साका यातून दिसेल का. प्रश्न रास्त होता. वरून देखणा असलेला आंबा कापल्यावर आत पांढरट, आंबट निघाला की व्यापाऱ्यासमोर मान खाली जाते. पण आंब्याच्या गरात पाणीच पाणी, लहर सालीच्या पुढे जाणार नाही. त्यांना मॅडमनी स्पष्ट नाही म्हणून सांगितले, याचे मला बरे वाटले. विक्रीवाला असता तर 'प्रयोग करून बघू' म्हणाला असता. या तंत्राला साजेसे काम आमच्याकडे बागेत नाही, कारखान्यांत आहे. औषधाच्या गोळीवरचा लेप न फोडता मोजणे हा त्याचा जगभर रुळलेला उपयोग आहे, आणि केंब्रिजची टेराव्ह्यू ही २००१ मध्ये तोशिबाच्या संशोधन शाखेतून निघालेली कंपनी त्यासाठी ओळखली जाते. गोळी कोरडी, लेप पातळ, खोली वातानुकूलित. मोटारीच्या अंगावरचे प्रायमर, रंग आणि वार्निश हे थर वेगवेगळे मोजणे हे दुसरे. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या फायबरच्या टाक्या बनवणाऱ्यांना नव्या टाकीच्या आतल्या अस्तरासाठी याचा विचार करायला हरकत नाही, टाकी भरण्याआधी.

खर्च असा पडला: दोन दिवसांचे ९५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,१२,१०० रुपये, प्रवास आणि मुक्काम वेगळा. यंत्र विकत घेण्याचीही चौकशी केली होती. सांगितलेली किंमत आमच्या एका बोटीच्या सांगाड्याहून जास्त होती, शिवाय लेसरची देखभाल आणि खारी हवा यांचा मेळ कसा बसणार हा प्रश्न होताच, म्हणून तो विषय तिथेच थांबवला. एकाच बोटीसाठी हे भाडेही परवडत नाही. मोल्ड नवा असताना, जेलकोटचा पुरवठादार बदलल्यावर किंवा फवारणीला नवा माणूस लावल्यावर एकदा बोलवावे, आणि शेजारच्या दोन शेडनी मिळून दिवस वाटून घ्यावेत. आमच्यासाठी तरी हिशेब तिथेच जुळतो.

पाच गुणांत मोजायचे तर जूनच्या भेटीला दीड देईन आणि जानेवारीच्या भेटीला चार. तो राहिलेला एक गुण न मागितलेल्या नमुना पट्टीचा. पुढची तारीख आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली घेतली आहे, मागणीपत्रात सिलिंडर, आरसा आणि मूळ लहरी यांचा उल्लेख नावानिशी केला आहे, आणि पांढऱ्या, निळ्या व नव्याने आलेल्या पिवळ्या जेलकोटच्या पट्ट्या ऑफिसच्या कपाटात तारीख लिहून ठेवल्या आहेत. मिस्त्रींनी त्या दिवशीही आधी नाणे फिरवायचे ठरवले आहे. या वेळी खुणा पुसू नका, असे त्यांनी मला बजावले आहे.